‘डावीकडे’ म्हणालो, ‘हळू’ म्हणालो नाही : ऊडनाडाटा ट्रॅकवरच्या एका अपघाताचा अभ्यास

जुलैतल्या एका दुपारी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या ऊडनाडाटा ट्रॅकवर आमची गाडी रस्ता सोडून झुडपांत आडवी जाऊन थांबली. गाडीत आम्ही चौघं होतो: मी, बायको, तिचे थोरले भाऊ (आमचे दादा) आणि वहिनी. चौघंही सुखरूप आहोत. गाडी उलटली नाही हे आमचं नशीब. बाकी जे काही घडलं त्यात नशिबाचा भाग फार थोडा होता, आणि ते बाकीचंच मला नीट मांडायचं आहे. ॲडलेड, मेलबर्न, पर्थ इथल्या मराठी घरांत दर सुट्टीत गावाकडून माणसं येतात, आणि ‘खरा ऑस्ट्रेलिया दाखवू’ म्हणून आपण त्यांना याच रस्त्यांवर घेऊन जातो.

रस्ता कसा आहे

ऊडनाडाटा ट्रॅक मारी या गावापासून निघतो आणि विल्यम क्रीक, ऊडनाडाटा करत मार्लाला स्टुअर्ट हायवेला मिळतो. लांबी सुमारे 620 किलोमीटर. डांबर नाही. मारी ते विल्यम क्रीक जवळपास 204 किलोमीटर, आणि या पूर्ण टप्प्यात एकही पेट्रोल पंप नाही. मोबाईलला रेंज नाही.

हा रस्ता इथूनच का जातो, याचं उत्तर पाण्यात आहे. जमिनीखालचं पाणी वर उसळून तयार झालेल्या झऱ्यांची एक रांग या वाळवंटात आहे. अरबाना आणि इतर आदिवासी लोक हजारो वर्षं त्या रांगेने ये-जा करत आले. 1872 साली पूर्ण झालेली तारायंत्राची लाइन त्याच वाटेने गेली आणि मग जुनी ‘घान’ रेल्वेही. ती रेल्वे 1980 मध्ये बंद झाली. ‘घान’ हे नाव अफगाण उंटवाल्यांवरून आलेलं. त्यांना सरसकट अफगाण म्हणत, पण त्यांतले कितीतरी जण बलुचिस्तान, सिंध आणि पंजाबातले होते. मारीत त्यांच्या काळची खजुराची झाडं आणि बंद पडलेली जुनी इंजिनं अजून उभी आहेत. दादांचा साताऱ्यात वाहतुकीचा धंदा आहे. त्या इंजिनांपाशी ते बराच वेळ थांबले. “आपल्या बाजूची माणसं इथवर माल ओढायला आली होती,” एवढंच म्हणाले.

रस्त्याचा पृष्ठभाग आपल्या मुरमाच्या रस्त्यासारखा: लाल माती, बारीक खडी आणि मधूनमधून मुठीएवढे गोटे. फरक लांबीचा आणि वेगाचा. आपल्याकडचा मुरमाचा रस्ता दोन-चार किलोमीटरचा असतो, शेतातून किंवा वस्तीवरून जातो, आणि तिथे कोणी ताशी 40 च्या वर जात नाही. इथे रस्ता आठ-नऊ मीटर रुंद, सरळ, मोकळा, आणि वेगळी पाटी नसेल तर दक्षिण ऑस्ट्रेलियात गावाबाहेरची वेगमर्यादा ताशी 100. दादा 30 वर्षं गाडी चालवतायत. खंबाटकीचा घाट त्यांनी पावसात, धुक्यात, लोड घेऊन उतरलाय. हायवेवर 100 चा वेग त्यांच्या अंगवळणी आणि उसाच्या फडापर्यंतचा कच्चा रस्ताही रोजचा. पण हायवेचा वेग आणि कच्चा रस्ता या दोन गोष्टी एकाच वेळी पायाखाली येण्याचा अनुभव त्यांच्याकडे नव्हता. आपल्याकडून येणाऱ्या बहुतेक चांगल्या ड्रायव्हरांकडे तो नसतो, आणि म्हणूनच “मला कच्च्या रस्त्याची सवय आहे” हे त्यांचं म्हणणं खोटं नसूनही फसवं ठरतं.

तयारी

तयारी चांगली होती. मारीतल्या फलकावर रस्ता उघडा असल्याचं वाचलं. या भागात पाच-सात मिलिमीटर पाऊस झाला तरी रस्ता बंद करतात, आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर भारी दंड होतो. गावाबाहेर पडताना टायरची हवा 38 वरून 28 वर आणली, कारण थोडा नरम टायर खडीवर जास्त पसरतो, जास्त धरतो आणि गोट्यावर सहज फाटत नाही. चौघांसाठी 80 लिटर पाणी घेतलं, म्हणजे माणशी रोजचं 10 लिटर धरून दोन दिवसांचं. जॅक, पाना, पूर्ण मापाची स्टेपनी, हातातला यूएचएफ रेडिओ आणि नोंदणी केलेला संकटसूचक बीकन बरोबर होता. ॲडलेडच्या मित्राला आमचा मार्ग आणि मुक्काम कळवला होता: रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर विल्यम क्रीकला चौकशी कर.

एक चूक तेव्हाच झाली होती. पाण्याचे कॅन पट्ट्यांनी आवळले, खोकी जाळीमागे लावली, पण वहिनींनी साताऱ्याहून आणलेला शंकरपाळ्यांचा स्टीलचा डबा मागच्या सीटवर दोघींच्या मध्ये तसाच राहिला. हाताशी असू दे, म्हणून.

दुपार

सकाळी साडेनऊला निघालो. गाडी मी चालवत होतो. समोरून तीन ट्रेलर जोडलेली गुरांची रोड ट्रेन आली. अशी गाडी 53 मीटरपर्यंत लांब असते आणि तिला झटकन थांबता येत नाही. मी डावीकडे पूर्ण थांबलो, काचा वर केल्या आणि धुरळा खाली बसून पुढचा रस्ता दिसेपर्यंत हललो नाही. दादांनी हे सगळं बारकाईने पाहिलं. पुढे शेपटीवर उभी केलेली जुनी विमानं पाहिली, समुद्रसपाटीच्याही खाली असलेल्या काटी थांडा–लेक एअर या खाऱ्या सरोवराचा पांढरा विस्तार पाहिला, ‘बबलर’ नावाच्या झऱ्यात वाळूतून वर येणारे बुडबुडे पाहिले. प्रत्येक ठिकाणी ठरल्यापेक्षा जास्त वेळ गेला.

कावर्ड स्प्रिंग्जला दुपारचे तीन चाळीस झाले. पुढे विल्यम क्रीक 75 किलोमीटर. दादा म्हणाले, “जावईबापू, आता द्या जरा आमच्याकडे. तुम्ही सकाळपासून बसलाय.” भारतातून आलेल्या पाहुण्याला इंग्रजीतलं लायसन्स असेल तर इथे चालवता येतं. मी किल्ली दिली. आणि देताना म्हणालो, “पाचच्या आत पोचायला हवं. अंधार पडायला लागला की कांगारू रस्त्यावर येतात.”

हे वाक्य मी काळजीपोटी बोललो, आणि त्यानेच घाई लावली. नंतर हिशोब केला. ताशी 60 ने गेलो असतो तरी चार पंचावन्नला पोचलो असतो. त्या दिवसांत तिथे सूर्य साडेपाचनंतर मावळतो. म्हणजे घाईचं काही कारणच नव्हतं. पण मी 75 भागिले 60 हा हिशोब मनातल्या मनातही केला नाही. मी दादांच्या हातात किल्लीबरोबर एक मुदत ठेवली.

पन्हळी, आणि नंतरचा गुळगुळीत रस्ता

पहिले 15 किलोमीटर पन्हळीचे होते. पन्हळी पत्रा जसा दिसतो तसाच रस्ता, आडव्या लाटांचा. या लाटा पावसाने पडत नाहीत, चाकांनी पडतात. वेगात जाणारं चाक बारीकशा उंचवट्यावरून उडतं, पुढे आपटतं, तिथली माती पुढे ढकलतं, आणि मागून येणारं प्रत्येक चाक तीच लाट मोठी करतं. 2007 मध्ये भौतिकशास्त्रज्ञांनी वाळूच्या फिरत्या थाळीवर चाक चालवून हे प्रयोगाने दाखवलं: एका ठरावीक वेगाच्या खाली लाटा पडतच नाहीत, त्याच्या वर गेलं की पडतातच.

ताशी 50 ने गाडीचा खुळखुळा झाला. दात वाजत होते, आरशात काही दिसत नव्हतं. दादांनी हळूहळू वेग वाढवला आणि 80 च्या आसपास हादरे एकदम कमी झाले. “बघा, जरा पळवली की बसते गाडी,” ते म्हणाले. मी “हो” म्हणालो. हे इथल्या जुन्या ड्रायव्हरांनाही माहीत असतं. पण गाडी ‘बसलेली’ नसते. चाकं लाटांच्या फक्त माथ्यांना शिवत जातात आणि खळग्यांवरून अधांतरी जातात. हादरे कमी होतात कारण जमिनीशी संबंधच कमी होतो. सरळ चाललं आहे तोवर काही कळत नाही. वळवायला किंवा थांबवायला गेलं की कळतं.

मग पन्हळी संपली. दोन दिवसांपूर्वी तिथून ग्रेडर फिरला होता. ग्रेडरचं पातं लाटा कापतं, माती पसरतं आणि जादा माती कडेला लोटतं. समोर अक्षरशः सारवलेल्या अंगणासारखा रस्ता आला. गाडीतला आवाज थांबला. बायकोला झोप लागली. मीही सैल होऊन मागे टेकलो. काटा 80 वरून 90 वर कधी गेला ते पाहिलं नाही. 96 वर मात्र पाहिला.

माझ्या मते अपघात इथे सुरू झाला, चाक घसरलं तिथे नव्हे. खराब रस्ता माणसाला सावध ठेवतो. नुकताच ग्रेडर फिरलेला रस्ता दिसायला सर्वांत चांगला आणि धरायला सर्वांत वाईट, कारण त्याची वरची दोन-तीन बोटं माती अजून दबलेली नसते. डोळ्यांना ती डांबरासारखी दिसते. टायरखाली ती गोट्यांवर पसरलेल्या रव्यासारखी असते.

त्यात सूर्य. हा टप्पा साधारण वायव्येला जातो, आणि जुलैत चार वाजता सूर्य त्याच दिशेला खाली आलेला असतो. समोरच्या काचेवर दिवसभराचा लाल धुरळा. ऊन त्या धुरळ्यावर पडलं की काच दुधाळ होते. काच पुसायला दोन मिनिटं थांबायला हवं होतं.

मी दादांना “हळू घ्या” का म्हणालो नाही? वेगमर्यादा 100 होती, ते 96 वर होते. ते मोठे. 30 वर्षं गाडीवर. बायकोचे थोरले भाऊ, पहिल्यांदाच आमच्याकडे आलेले. आपल्यात थोरल्या मेहुण्याला “हळू चालवा” म्हणणं म्हणजे त्यांच्या हाताबद्दल शंका घेणं. जीभ उचलली नाही. तेवढ्यात पुढे चढ दिसला. चढामागून काय येतंय ते दिसत नाही, म्हणून माथ्यावर डावीकडे राहायचं, हा इथला साधा नियम. मी म्हणालो, “दादा, चढ आहे, डावीकडे घ्या.”

डावीकडे म्हणता आलं, कारण ते रस्त्याबद्दल होतं. हळू म्हणता आलं नाही, कारण ते त्यांच्याबद्दल होतं.

खुणा

त्यांनी डावीकडे घेतलं आणि डावी चाकं ग्रेडरने कडेला लोटलेल्या मातीत गेली. पुढचं मला तुकड्यातुकड्यात आठवतं: माझ्या बाजूने मातीचा फवारा, गाडी उजवीकडे उसळली, मग समोर रस्त्याऐवजी झुडपं, मग पुन्हा रस्ता, पण आडवा. कानामागे काहीतरी जोरात आपटलं. आणि शांतता, तिच्यात फक्त खाली बसणारा धुरळा.

गाडी चाकांवर उभी होती. इंजिन बंद केलं, चौघांची विचारपूस केली. वहिनींचा खांदा पट्ट्याने दुखावला होता. माझ्या कानामागून रक्त येत होतं. मागच्या सीटवरचा शंकरपाळ्यांचा डबा उडून लागला होता. दीड किलोचा डबा अशा वेगात दगडासारखा लागतो. चार बोटं पुढे लागला असता तर कानशिलावर बसला असता.

दादांचं पहिलं वाक्य: “टायर फुटला.” डावा मागचा टायर खरंच रिमवरून निसटला होता. मलाही तेच वाटलं. पण मदतीची वाट पाहताना आम्ही दोघं गाडी नजरेआड होऊ न देता खुणांवरून मागे चालत गेलो, आणि मी पावलं मोजली.

डावी चाकं कडेच्या मातीत चालली ती 24 पावलं. तिथून खुणा एकदम तिरक्या उजवीकडे, 38 पावलं. मग तितक्याच एकदम डावीकडे, 40 पावलं. शेवटची 30 पावलं गाडी पूर्ण आडवी घसरली. रिमने जमीन उकरल्याची खूण फक्त शेवटच्या 12 पावलांत होती. म्हणजे टायर निसटला तो सर्वांत शेवटी, आडव्या घसरगुंडीत. टायरमुळे गाडी गेली नव्हती; गाडी गेली म्हणून टायर गेला होता. ‘टायर फुटला आणि गाडी पलटी झाली’ असं आपण सहज म्हणतो. खुणा पाहिल्या नसत्या तर आम्हीही आयुष्यभर तेच सांगितलं असतं, मनापासून.

दुसरी गोष्ट: पहिल्या 62 पावलांत ब्रेकची खूणच नव्हती. दादांनी ब्रेक मारला नव्हता, स्टिअरिंग कापलं होतं. घाटात, हायवेवर, समोर कुत्रं किंवा दुचाकी आली की आपला हात आधी स्टिअरिंगवर फिरतो. डांबरावर, आपल्या गर्दीतल्या वेगात, ती सवय रोज जीव वाचवते. इथे तिनेच घात केला.

हे घडतं ते असं. डावं पुढचं चाक भुसभुशीत मातीत रुतलं की तिथे ओढ बसते आणि गाडी डावीकडे खेचली जाते. ड्रायव्हर उजवीकडे वळवतो. चाक मातीत असल्याने वळवूनही काही होत नाही, म्हणून तो आणखी वळवतो. मग ते चाक मातीतून निघून कडक जमिनीवर चढतं आणि त्याच क्षणी सगळं वळण एकदम लागू होतं. पुढचा भाग उजवीकडे उडी घेतो, मागची चाकं अजून मोकळ्या खडीवर, त्यामुळे मागचा भाग डावीकडे लहरतो. तो सावरायला ड्रायव्हर उलट कापतो आणि दुसरी लहर पहिलीपेक्षा मोठी येते. गाडी उंच असेल, टपावर सामान असेल आणि आडवं घसरताना चाक एखाद्या खळग्यात अडकलं तर ती उलटते. आमच्या टपावर काही नव्हतं आणि तिथली जमीन सपाट होती. आमची गाडी, जुनी प्राडो, चारही चाकांना ताकद देणारी. त्याचा इथे काही उपयोग नव्हता; चार चाकांना ताकद मिळाली म्हणून खडीवरची पकड वाढत नाही. घसरण आवरणारी नव्या गाड्यांतली यंत्रणा तिच्यात नव्हती. असती तर कदाचित दुसरी लहर आली नसती.

करायला हवं होतं ते अगदी थोडं: पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, गाडीला त्या मातीतच वेग गमावू द्यायचा, आणि 40 च्या खाली आल्यावर हलकेच वर घ्यायचं. माती स्वतःच गाडीला आवरत असते. पण हे 70 वर जमतं, 96 वर हाताला तेवढा वेळ मिळत नाही. ढोबळ हिशोब सांगतो: दीड सेकंद भानावर यायला धरला तर ताशी 95 ने जाणारी गाडी डांबरावर सुमारे 87 मीटरात थांबते, मोकळ्या खडीवर 110 मीटर लागतात. 70 ने गेलं तर खडीवरही 68 मीटर पुरतात. वेग फक्त 25 ने कमी, पण गाडीच्या अंगातला जोर जवळपास निम्मा.

वाट पाहणं

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. रेडिओच्या 40 नंबर चॅनेलवर, जिथे ट्रकवाले असतात, मी जागा सांगितली. उत्तर नाही. हातातला रेडिओ सपाट जमिनीवर काही किलोमीटरच पोचतो. बीकन दाबायचा का? जिवाला धोका नव्हता, पाणी होतं, स्टेपनी होती. वहिनींचा हात हलत होता, बोटांना मुंग्या नव्हत्या. ठरवलं की त्यांची दुखणी वाढली किंवा माझी शुद्ध हरपायला लागली तर लगेच दाबायचा, आणि तो कसा दाबायचा ते तिघांना दाखवून ठेवलं. हे दाखवणं मारीतच व्हायला हवं होतं. डबा माझ्या कानामागे न लागता कपाळावर लागला असता तर बीकन गाडीत असूनही तिघांपैकी कोणाला तो वापरता आला नसता.

दादा म्हणाले, “मघाशी डावीकडे एक फाटा दिसला होता. घर असेल तिथे. मी चालत जाऊन येतो.” या वेळी मात्र मी स्पष्ट नाही म्हणालो. त्यांना डिसेंबर 1998 ची गोष्ट सांगितली. याच भागात, लेक एअरच्या काठाला, ऑस्ट्रियाहून आलेल्या तरुण जोडप्याची गाडी वाळूत रुतली. मदत येईना म्हणून दोघं कडक उन्हाळ्यात विल्यम क्रीककडे चालत निघाले. तो वाटेतूनच गाडीकडे परतला आणि वाचला. ती पुढे चालत राहिली आणि सुमारे 30 किलोमीटरवर तिचा जीव गेला. त्यांच्या गाडीजवळ पाण्याची टाकी होती. गाडी वरून दिसते, सावली देते, आणि पाणी गाडीत असतं. गाडी सोडायची नाही. दादा ऐकून घेऊन बॉनेटला टेकून उभे राहिले. हात थरथरत होते. त्यांनी ते खिशात घातले.

पाचच्या सुमारास एका गुरांच्या फार्मवरची तरुण मुलगी पिकअप घेऊन आली. आधी पाणी आहे का विचारलं, मग वहिनींचा खांदा पाहिला, मग खुणा. कडेच्या मातीच्या बांधाला तिने बुटाने हलकेच लाथ मारली. माती चाळलेल्या पिठासारखी उडाली आणि बुटाचा पुढचा भाग आत गेला. दादा खाली वाकले, मूठभर माती घेतली, सोडली. “वरंबाय हा,” ते मला म्हणाले. “ताजा वरंबा. शेतात यावर पाय ठेवला तर पोटरीपर्यंत जातो, आणि मी यावर गाडी घातली.” त्या एका शब्दात त्यांना ते सगळं कळलं जे मी इंग्रजी शब्द वापरून दिवसभर समजावू शकलो नव्हतो. मारीतून निघताना मी त्यांना “कडेला सॉफ्ट शोल्डर असतो” असं सांगितलं होतं. ‘वरंबा’ म्हणालो असतो तर त्यांचं चाक तिकडे गेलंच नसतं असं मला आजही वाटतं.

जॅक वाळूत रुतायला लागला तेव्हा त्या मुलीने खाली जाड फळी दिली. स्टेपनी लागली. तिच्या मागोमाग, धुरळा टाळून, 45 च्या वेगाने विल्यम क्रीकला पोचायला सव्वासहा झाले. वाटेत चार कांगारू दिसले. त्या वेगाला ते आधी दिसत होते आणि थांबता येत होतं.

रात्री झालेलं बोलणं

बाहेर थंडी कडाक्याची होती. चहा घेताना मी दादांना सांगितलं की 96 मी पाहिला होता आणि बोललो नाही. ते म्हणाले, “मला वाटलं, तुम्ही इथले. जास्त होत असतं तर तुम्ही बोलला असता.” आणि मग वहिनी, ज्या तोवर गप्प होत्या: “मी दोनदा म्हणणार होते. म्हटलं, भाऊजी पुढे बसलेत, त्यांना कळत असेल.”

जागे असलेले तिघंही त्या वेगाला घाबरलो होतो. दादासुद्धा, त्यांनी कबूल केलं की स्टिअरिंग हलकं लागत होतं, गाडी तरंगल्यासारखी वाटत होती. तिघांनीही आपली भीती दुसऱ्याच्या जाणतेपणावर सोपवली. मी त्यांच्या 30 वर्षांवर, त्यांनी माझ्या इथल्या राहण्यावर, वहिनींनी आम्हा दोघांवर. टायरची हवा, पाणी, बीकन, सगळ्यांची यादी माझ्याकडे होती. गाडीत कोणी बोलायचं, हे त्या यादीत नव्हतं. पाहुण्यांच्या मानाचं जे वळण आपल्या घरात इतकं चांगलं, त्यानेच त्या दिवशी आमची तोंडं बंद ठेवली. ते वळण सोडावं असं मला वाटत नाही. म्हणून त्या रात्री आम्ही नियम केला: गाडीतलं कोणीही, लहान-मोठं, फक्त “हळू” म्हणेल. कारण सांगायचं नाही. चालवणाऱ्याने विचारायचं नाही, वाद घालायचा नाही, पाय उचलायचा. शब्द आधीच ठरलेला असला की तो बोलणं म्हणजे कोणाचा अपमान राहत नाही.

बाकीचे बदल थोडक्यात: खडीवर 70 ही आमची मर्यादा, पाटीवर काहीही असो. दर तासाला थांबून काच पुसायची. ताजा ग्रेडर फिरलेला रस्ता दिसला की वेग आणखी 10 ने कमी. सीटवर काहीही मोकळं ठेवायचं नाही, खाऊचा डबाही नाही. पोचायची वेळ सांगायची नाही. सांगायचीच असेल तर आधी हिशोब करून.

सकाळी टायर तपासला. फाटला नव्हता, रिमची वाकलेली कड ठोकून सरळ केली, पंपाने हवा भरली, अर्धा तास बघितलं, टिकली. स्टेपनी म्हणून चालण्यासारखा झाला. तो टिकला नसता तर स्टेपनीवाचून निघालो नसतो, नवा टायर येईपर्यंत तिथेच थांबलो असतो. ऊडनाडाटाचा बेत सोडला आणि कूबर पीडीचा रस्ता धरला, 166 किलोमीटर, तोही खडीचाच. मला टाके घालायचे होते आणि वहिनींचा खांदा दाखवायचा होता. (हाड मोडलेलं नव्हतं. मला तीन टाके पडले.)

माझं डोकं ठणकत होतं, बायकोला खडीची सवय नाही. मी दादांना किल्ली दिली. त्यांनी ती लगेच घेतली नाही. आधी गाडीभोवती फिरून चारही टायरची हवा स्वतः मोजली, पाण्याचे पट्टे ओढून पाहिले, समोरची काच आतून-बाहेरून पुसली. वहिनींना पुढे बसवलं, मी मागे बसलो.

त्या रस्त्याला आम्हाला तीन तास लागले. वहिनी तीनदा “हळू” म्हणाल्या. पहिल्यांदा एका ओढ्याच्या उतारावर. दुसऱ्यांदा सपाट रस्त्यावर, जिथे मला काहीच कारण दिसलं नाही. तिसऱ्यांदा कूबर पीडीच्या अलीकडे, डिंगो कुत्र्यांना अडवणाऱ्या लांबलचक कुंपणापाशी, जिथे रस्त्यात लोखंडी गजांची जाळी आहे आणि तिच्या अलीकडची माती वाहून जाऊन वीतभर खाच पडली होती. तिन्ही वेळा दादांनी काही न विचारता पाय उचलला.